खुणेचे चार ढबू

दुकानातल्या लाकडी फळीवर एकूण एकोणीस वस्तू होत्या. तांब्याची नाणी चार. नांगराचे झिजून बोटभर उरलेले फाळ चार. खिळे सात, लहान-मोठे. बैलाच्या खुराची नाल एक, तीही अर्धी. बाटलीचं पत्र्याचं झाकण एक, शिशाचा असावा असा गोळा एक, आणि प्लास्टिकच्या पिशवीत भरलेला मूठभर कोळसा.

झुहेबने त्या दोनदा मोजल्या आणि वहीत लिहून काढल्या. प्रत्येक वस्तूपुढे खोली लिहिली, सेंटिमीटरमध्ये. खिळे आणि झाकण पंधराच्या आतले. गोळा बावीस. फाळ मात्र अठ्ठावन्न, एकसष्ट, साठ आणि बासष्ट. नाणी त्यांच्यापेक्षा दोन-तीन बोटं वर. खोपोलीत बसून हाताने बनवलेल्या यंत्राने साठ सेंटिमीटरवरची वस्तू ऐकली होती, आणि तीही या आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात. त्याला ती वही बंद करवेना.

यंत्र खरोखरच त्याचं होतं. वडिलांचं, रज्जाकभाईंचं, मोटर रिवाइंडिंगचं दुकान. जळालेले पंप आणि पंखे यायचे, त्यांची जुनी तार काढून नवी भरायची. झुहेब फिजिक्स घेऊन बीएस्सी झाला, नोकरीचे अर्ज करत होता आणि मधल्या वेळात दुकानात तार भरत होता. त्याच तारेची त्याने दोन हात रुंदीची गुंडाळी केली, प्लास्टिकच्या पाइपात बसवली आणि तिला मोटरसायकलची बॅटरी जोडली. बाजारातली साधी यंत्रं इथल्या जमिनीवर नुसती ओरडत सुटतात, कारण इथल्या दगडातच लोह आहे. झुहेबचं यंत्र जमिनीत विजेचा एक ठोका सोडायचं आणि मग गप्प राहून ऐकायचं. जमिनीचा आवाज लवकर विरतो, धातूचा उशिरा. त्या दोन्हींमधल्या सेकंदाच्या काही लाखांश भागात सगळी गंमत होती.

"काय रे सायंटिस्ट," रज्जाकभाई फळीकडे बघत म्हणाले, "एवढी तार खर्च करून भंगार आणलंस? भंगार तर आपल्या दारात येतंय."

"अब्बा, हे अठराशे पस्तीसचं नाणं आहे. पाव आणा. कंपनी सरकारचं."

"आणि हे फाळ? ते पण कंपनी सरकारचे?"

झुहेब हसला. फाळांचं त्याला फारसं काही नव्हतं. लोखंडामुळे आवाज आला आणि आवाजामुळे नाणी मिळाली, एवढाच त्यांचा उपयोग. दोन दिवसांनी भंगारवाला आला तेव्हा जळक्या तारेच्या ढिगाबरोबर चारही फाळ त्याच्या गाडीत गेले. झुहेबने स्वतः उचलून टाकले.

जागा सापडली होती ती पंपामुळे. केळवलीच्या पलीकडच्या ठाकूरवाडीत ठमीआजीचं शेत होतं, तेहतीस गुंठे. तिचा पंप वर्षाआड जळायचा आणि रज्जाकभाई वर्षाआड तो भरून द्यायचे. डिसेंबरात झुहेब पंप बसवायला गेला. भात कापून झालं होतं, खालच्या बाजूला वाल पेरलेले होते, आणि वरची, उत्तरेची पट्टी तेवढी मोकळी पडली होती. जमिनीत ओल होती. ओली जमीन आणि मोकळं शेत. यंत्रासाठी याहून चांगला महिना नव्हता.

"आजी, वरच्या बाजूला यंत्र फिरवू का? जमिनीत जुनं काही असेल तर कळतं."

"फिरव की. वाल तेवढे तुडवू नको."

झुहेबने काम पद्धतशीर केलं. सुतळी बांधून अर्ध्या-अर्ध्या मीटरचे पट्टे पाडले. गुंडाळी जमिनीला लागेल न लागेल इतकी खाली धरली आणि मुंगीच्या चालीने फिरवली. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवली. खोलवरचा आवाज मोठा नसतो. तो टोचत नाही, हेडफोनमध्ये नुसता फुगल्यासारखा वाटतो आणि घाई करणाऱ्याला ऐकूच येत नाही. आवाज आला की काटकोनात वळून पुन्हा तपासायचं. दोन्हींकडून आला तर कामटी रोवायची.

खणणंही तसंच. वरचं गवत मुळांसकट झाकणासारखं कापून बाजूला ठेवायचं. वरची माती ताडपत्रीच्या एका टोकाला, खालची दुसऱ्या टोकाला. काम झालं की खालची खाली, वरची वर, मग झाकण, मग पायाने हलकेच दाबायचं. संध्याकाळपर्यंत त्याने चार खोल खड्डे खणून बुजवले आणि शेवटी मागे वळून पाहिलं तर त्याचे त्यालाच ते सापडेनात. त्याला स्वतःचा अभिमान वाटला.

प्रत्येक खड्ड्याची जागा मात्र त्याने दोन ठिकाणांपासून फितीने मोजली होती. एक विहिरीच्या काठाचा कोपरा, दुसरं शेताच्या ईशान्य टोकाला असलेलं ऐनाचं झाड. चौथा खड्डा ऐनाच्या बुंध्यापासून चार मीटर सत्तेचाळीस. चौथ्याला त्याचा हात चांगलाच बसला होता. तिथे तो फाळ काढून थांबला नाही. खालच्या मुरमापर्यंत गेला, माती चाळली आणि कोळशाचा कण न् कण पिशवीत भरला. नमुना म्हणून.

खाली आला तेव्हा ठमीआजी वालातलं तण काढत होती. डोळ्यांना मोतीबिंदू उतरलेला. वर कोण कुठे खणतंय हे तिला दिसलं नसावं.

"काय घावलं का रं?"

नाणी त्याच्या पँटच्या खिशात होती. काळी पडलेली, जड, मांडीला गार लागणारी. शेत तिचं होतं. दाखवली तर ती मागेल, असं त्याच्या मनात आलं.

"खिळे, आजी. गंजके खिळे."

"एवढं उन्हात तापला खिळ्यांपायी! शिकल्याली मानसं, बाबा." ती मनापासून हसली. "चल, जेव. बिरडं हाय."

तो जेवला. दोन भाकऱ्या, वालाचं बिरडं आणि वर एक कांदा. निघताना तिने अब्बांसाठी गेल्या सालच्या वालांची पिशवी दिली.

घरी येऊन त्याने चारही जागा आलेखाच्या कागदावर मांडल्या. चारही बिंदू एका सरळ रेषेत होते. पट्टी ठेवली तर एकही बिंदू पट्टीबाहेर जाईना. अंतरंही साधारण सारखी, एकवीस-बावीस मीटर. घाटाखालच्या या मुलखातून बैलांचे तांडे जायचे हे त्याने वाचलं होतं. सरळ रेषा म्हणजे वाट. बैलाची नाल म्हणजे तांडा. कोळसा म्हणजे मुक्कामाच्या चुली. त्याने वहीत लिहिलं: 'जुना व्यापारी मार्ग. काळ : इ. स. १८३५ च्या आसपास.' काळ या शब्दाखाली दोनदा रेघ ओढली.

नाणी त्याने चिंचेच्या कोळाने घासून लख्ख केली आणि कापसावर मांडली. चार मिनिटांचा व्हिडिओ केला. चारशे बारा लोकांनी तो पाहिला. एकाने विचारलं, 'ज्यांची जमीन आहे त्यांना काही माहीत आहे का?' झुहेबने उत्तर दिलं, 'अडाणी लोक आहेत, त्यांना काय माहीत असणार.'

मार्चच्या पहिल्या सोमवारी ठमीआजी दुकानात आली. टमटममधून उतरली, पायरीवर टेकली आणि पदराने वारा घेत राहिली.

"या मावशी," रज्जाकभाई म्हणाले. "पुन्हा जळला काय? या वेळी तर मी डबल वार्निश दिलंय."

"पंप चांगला हाय. दुसरंच काम हाय, रज्जाक. तुझ्या पोराचं ते वाजनारं यंतर घेऊन येशील का रं? बेस्तरवारी मोजनीवाली येनार हाय."

मग तिने सगळं सांगितलं. उत्तरेकडची जमीन दोन वर्षांपूर्वी प्लॉटवाल्यांनी घेतली. मागच्या वर्षी रस्ता करतो म्हणून जेसीबी घातला आणि तिचा बांध सपाट केला, बांधावरचे दगडही उचलून नेले. मग सहा मीटर आत येऊन सिमेंटच्या खुंट्या ठोकल्या आणि म्हणाले, हद्द हीच. पट्टी पेरायची नाही म्हणून दम दिला. तिने मोजणीचा अर्ज टाकला होता, त्याची तारीख आता लागली होती.

"नकाशा आहे ना?" रज्जाकभाईंनी विचारलं.

"हाय. पन मोजनीवाली बोलली, नकाशावरची रेघच इतकी जाड हाय का जमिनीवर दोन-तीन मीटर व्हते. आनि कागद घडीवर फाटलाय. खूण दाखवा बोलली." ती पुढे वाकली. तिच्या आवाजात मजा होती, लपवलेला पत्ता काढणाऱ्याची. "त्यांना वाटलं, दगड नेले म्हंजे खूण गेली. पन माझा सासरा हुशार व्हता. कूळकायद्यात जमीन नावावर झाली ना, तवा त्यानं बांधावर चार खड्डे खणले, कमरेएवढे. खाली कोळसा घातला, कोळशावर जुना फाळ, फाळावर येक-येक ढबू पैसा. घरात गाडग्यात जुने ढबू व्हते, त्यातले. मंग माती, मंग वर दगड. मी नवी नवरी. कोळशाची पाटी मीच नेली डोक्यावरनं."

झुहेब आतल्या बाकावर पंपाची तार भरत होता. वेढे मोजत होता, बासष्टवर होता. आकडा निसटला.

"कोळसाच का?" रज्जाकभाई.

"कोळसा कुजत नाय, वाळवी खात नाय. दगड कोनपन हलवील, कोळसा हलवायला खनावं लागतं. आनि खनायला ठावं पायजे का हितं काय हाय." ती हसली. "तुझ्या पोराच्या यंतराला फाळ ऐकू येईल का रं?"

"येईल की! नाहीतर सायंटिस्ट पोसलाय कशासाठी? ए झुहेब, ऐकलंस ना? गुरुवारी."

"हो," झुहेब म्हणाला.

त्या वेळी सांगायला दुकानात तिघंच होती. पुढे अनेकदा त्याला वाटलं, तिथे सांगणं किती सोपं होतं. पण त्याने आधी केलं ते हे की दुकानामागच्या मोरीपाशी जाऊन तो व्हिडिओ काढून टाकला. खालची उत्तरंही त्याच्याबरोबर गेली. मग तो नळ सोडून उगाच हात धूत उभा राहिला.

चूक कुठे झाली हे कळायला त्याला फार विचार करावा लागला नाही. नाणं कधी पाडलं हे नाण्यावर लिहिलेलं असतं. ते कधी पुरलं हे लिहिलेलं नसतं. पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे कळलं असतं. सरळ रेषा वाटेची असू शकते, तशी बांधाचीही असते. शेतात सरळ रेषा म्हटल्यावर कुणालाही आधी बांधच आठवेल. आणि या सगळ्याला आलेखाचा कागद लागतच नव्हता. बिरडं वाढणाऱ्या बाईला नाणं दाखवून एक प्रश्न विचारला असता तर तिने आनंदाने पाटीसकट सगळी गोष्ट सांगितली असती, आणि त्याने नाणी जिथल्या तिथे ठेवली असती. पण तो म्हणाला होता, खिळे.

बुधवारी दुपारी तो चार नाणी खिशात घालून मोटरसायकलवर वाडीपर्यंत गेला. परत पुरून टाकायची, असा बेत होता. नाणी होती, कोळसा थोडा होता, भंगारातले दुसरे फाळ मिळाले असते. कॉलेजात काही मुलं प्रयोग न करता घरी बसून रीडिंग भरायची. झुहेब त्यांना तोंडावर चोर म्हणायचा. शेताच्या कडेला प्लॉटवाल्यांचा सुपरवायझर खुर्ची टाकून बसलेला दिसला आणि झुहेबने गाडी वळवली. तो भीतीमुळे वळला की त्या मुलांच्या आठवणीमुळे, हे त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं.

गुरुवारी सकाळी शेतावर सात-आठ माणसं जमली. मोजणीच्या पद्मजा मॅडम टोपी घालून तिवईवरचं यंत्र लावत होत्या. वयाने झुहेबपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी सातबारा वाचून दाखवला. क्षेत्र तीन हजार तीनशे चाळीस चौरस मीटर. खुंट्या हीच हद्द धरली तर चारशे कमी भरत होते.

"काय रे, सोनं शोधतोस?" सुपरवायझर झुहेबला म्हणाला. "सापडलं तर अर्धं आमचं हां."

"तुला माती बी नाय मिळायची," ठमीआजी म्हणाली, आणि वाडीतली माणसं हसली.

पद्मजा मॅडमनी यंत्राकडे बारकाईने पाहिलं. "किती खोल ऐकतं हे?"

"फाळाएवढं लोखंड असेल तर सत्तर सेंटिमीटरपर्यंत."

"नुसतं सांगून चालणार नाही. आधी तपासू."

वाडीतल्या लडकूने खालच्या बाजूला फितीने मोजून साठ सेंटिमीटर खड्डा खणला, आत कोयता ठेवला आणि माती लोटली. झुहेबने गुंडाळी फिरवली. हेडफोन काढून ठेवलेले होते, आवाज सगळ्यांसाठी सोडला होता. यंत्राने लांब, स्पष्ट सूर काढला. ठमीआजीने टाळी वाजवली. रज्जाकभाई बॅटरीची पिशवी खांद्याला लावून उभे होते, त्यांनी सुपरवायझरकडे असं पाहिलं की जणू तो सूर त्यांनीच काढला होता.

"यंत्र बरोबर चालतं," पद्मजा मॅडमनी म्हणत म्हणत लिहून घेतलं.

तेव्हा झुहेबला पुढचं सगळं दिसलं. यंत्र चालतं हे सिद्ध झालं होतं. आता ते गप्प राहिलं की त्या गप्प राहण्याला अर्थ येणार होता. बिघडलेल्या यंत्राने आजीचं कमी नुकसान केलं असतं.

तो उत्तरेच्या पट्टीवर फिरू लागला. ठमीआजी त्याच्या पुढे चालत होती, पावलं मोजत. "हितं बघ. ह्या विहिरीच्या सरळ." यंत्र गप्प. "थोडं वर घे. हां, हितं." गप्प. त्याने गुंडाळी हळू फिरवली, काटकोनात वळून पुन्हा फिरवली. सगळं नीट केलं, डिसेंबरात केलं तसंच. गुंडाळीखाली स्वतःच दाबून बसवलेलं गवत होतं आणि तो त्यावरून बिनआवाजाचं यंत्र फिरवत होता. मागे दोन पावलांवर अब्बा बॅटरी घेऊन येत होते, तार ताणू नये म्हणून त्याच्या पावलात पाऊल टाकत.

दुसरी जागा. तिसरी. सुपरवायझरने मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली.

"तू घाई करतोस रं," ठमीआजी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "हळू फिरव. हाय हितं. मी पाटी हितंच उतरली व्हती." चौथ्या जागी, ऐनाजवळ, ती खाली बसली आणि नखांनी गवत ओरबाडू लागली. "ऐनापासून सहा पावलं. मला ठावं हाय ना. ह्याच ऐनाच्या फांद्या तोडून आमी राबाला घालतो, भाताच्या रोपाची जागा भाजायला, दरसाल. मी इसरीन काय?"

पद्मजा मॅडमनी अर्धा तास वाट पाहिली. मग त्यांनी पॅडवरचा कागद उलटला आणि मोठ्याने म्हणत लिहू लागल्या, "तपासलेल्या यंत्राने उत्तर बाजूवर चार ठिकाणी..."

"मॅडम, लिहू नका," झुहेब म्हणाला.

त्यांनी वर पाहिलं.

"ते तिथे नाही. माझ्याकडे आहे. मी काढलं, डिसेंबरात." त्याने खिशातून रुमाल काढला आणि उघडला.

ठमीआजीने रुमाल डोळ्यांजवळ नेला. नाणी उन्हात चमकत होती. तिने एक उचललं, उलटं केलं, बोटाने चाचपलं आणि परत ठेवलं.

"हे माझे नव्हं," ती म्हणाली. "माझे ढबू काळे व्हते."

"मी घासले, आजी. चिंचेनं."

 

"म्हंजे ते खिळे..."

"हो."

"इचारायचं व्हतंस रं," ती म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी दाखवलं असतं. मला कोन इचारतंय, आनंदानं दाखवलं असतं."

रज्जाकभाईंनी बॅटरीची पिशवी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली. ते मुलाकडे बघत नव्हते. "फाळ?" त्यांनी एवढंच विचारलं.

"भंगारात दिले, अब्बा."

"माझ्या दुकानातून."

"हो."

"वा!" सुपरवायझर म्हणाला. "आता खिशातून खुणा निघणार. मॅडम, हे पण लिहा."

"लिहिणार आहे," पद्मजा मॅडम म्हणाल्या. "खिशातली खूण मला चालत नाही. जमिनीत काय आहे ते दाखवा. काही उरलंय?"

झुहेबने वही उघडून दिली. त्यांनी पान वाचलं, मग सावकाश पुन्हा वाचलं. "दोन ठिकाणांवरून अंतर घेतलंय?"

"हो. विहिरीचा कोपरा आणि ऐन."

"मापं बरी घेतली आहेत." एवढं म्हणून त्या थांबल्या. पानाच्या तळाशी 'जुना व्यापारी मार्ग' असं लिहिलं होतं. पुढे 'काळ' या शब्दाखालच्या दोन रेघा त्यांनी पाहिल्या आणि वही परत दिली. "खण."

लडकू कुदळ घेऊन पुढे आला, पण रज्जाकभाईंनी ती त्याच्या हातातून घेतली आणि झुहेबपुढे धरली.

पहिला खड्डा. फितीने जागा काढली, झाकण उचललं. साठ सेंटिमीटरपर्यंत माती भुसभुशीत लागली, डिसेंबरात त्यानेच भरलेली. तिच्याखाली काळा थर. फाळ मिळाल्यावर तो इथे थांबला होता. पद्मजा मॅडम गुडघ्यांवर बसल्या, कोळसा बोटाने दाबून पाहिला, खालचा मुरूम पाहिला, फोटो काढला. "हा थर हललेला नाही," त्या म्हणाल्या. सुपरवायझर वाकून बघून गेला.

दुसऱ्यात कोळसा. तिसऱ्यात कोळसा, आणि त्यात फाळाच्या गंजाचा तांबूस ठसा. वाडीतली माणसं पुन्हा बोलू लागली. झुहेबच्या तळहातांना फोड आले होते आणि ते फुटले तेव्हा त्याला बरं वाटलं, मग बरं वाटल्याचीही लाज वाटली.

चौथ्या खड्ड्याशी तो थांबला.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"इथे मिळणार नाही. इथला मी सगळा काढला. चाळून." त्याने यंत्राच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी आणली. "हा त्याच खड्ड्यातला आहे."

"तरी खण."

त्याने खणलं. अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटरवर मुरूम लागला, पिवळा, स्वच्छ, झाडून घेतल्यासारखा. पद्मजा मॅडम आत वाकून बराच वेळ शोधत राहिल्या. हातात टॉर्चही घेतला.

"खड्डा काय, कुणीही खणतो," सुपरवायझर म्हणाला. "त्यात काय आहे ते सांगा."

"मॅडम, पिशवी आहे ना," लडकू म्हणाला. "पोरगा स्वतः सांगतोय."

"खोटं सांगतोय असं मी म्हणत नाही," पद्मजा मॅडम म्हणाल्या. "त्याचा जबाब लिहून घेते. पण पिशवीपासून मला माप घेता येत नाही. तीन खुणा मिळाल्या, त्या मी धरते. चौथी नाही. पुढेही रेघ सरळच जाते असं मी मनाने धरू शकत नाही, नकाशा नेमका तिथेच फाटलाय. तिथे आता जी खुंटी आहे तीच धरावी लागेल. आजी, तुम्हाला वर अपील करता येईल."

ठमीआजी ऐनाच्या मुळावर बसली होती. 

लडकूने दोरी धरली. पहिल्या खुणेपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी, सरळ. तिसरीपाशी दोरी वाकली आणि तिरकी होत खाली सिमेंटच्या खुंटीकडे गेली. पद्मजा मॅडम तिवईवरच्या यंत्राशी परत गेल्या, आकडे घेतले, कागदावर बेरीज केली.

"तीन हजार दोनशे सत्तर चौरस मीटर," त्यांनी वाचून दाखवलं.

"म्हंजे किती गेली?" ठमीआजीने विचारलं.

"सत्तर."

"आनि ऐन? ऐन कुनाच्यात?"

पद्मजा मॅडमनी फितीचं टोक झुहेबच्या हातात दिलं. त्याने ते बुंध्याला लावून धरलं. आजीचे पाय त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर होते. मॅडम फीत उलगडत दोरीपर्यंत चालत गेल्या, काटकोन साधला आणि वाकून वाचलं.

"दोरीच्या बाहेर. तीन मीटर पंधरा सेंटिमीटर."